जेट एअरवेज का बुडाली: चांगल्या वर्षांतल्या खर्चाचा हिशेब

हिशेबनीस (धागालेखक)

जेट एअरवेजची विमाने उडायची थांबली त्याला आता काही वर्षे झाली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती गुंडाळून मालमत्ता विकण्याचा, आदेश दिला आणि ती पुन्हा उडेल ही उरलीसुरली आशाही संपली. तरीही या कंपनीचा विषय निघाला की महागडे इंधन, घसरता रुपया आणि स्वस्त तिकिटांची स्पर्धा हीच तीन कारणे सांगितली जातात. तिन्ही कारणे खरी आहेत, परंतु ती सर्वच कंपन्यांना लागू होती. इंडिगो तेच इंधन विकत घेत होती आणि विमानांचे भाडे तीही डॉलरमध्येच भरत होती. त्यामुळे एक कंपनी वाढत असताना दुसरी का कोसळली, याचे उत्तर जेटच्या संचालकांनी घेतलेल्या निर्णयांतच शोधावे लागते. माझे मत असे आहे की जेट तिच्या चांगल्या वर्षांत बुडाली. हाती पैसा आणि पत होती तेव्हा तिने जे कायमचे खर्च अंगावर घेतले, ते वाईट वर्षांत उतरवता आले नाहीत.

मे १९९३ मध्ये जेटची सेवा सुरू झाली. इंडियन एअरलाइन्सच्या एकाधिकाराची सवय झालेल्या प्रवाशांना वेळेवर सुटणारी विमाने आणि अदबीने बोलणारे कर्मचारी मिळाले, आणि पुढील दहा-बारा वर्षे देशांतर्गत प्रवासात जेटचे नाव सर्वांत वर राहिले. हे यश कष्टाचे होते आणि त्याचे श्रेय संस्थापक नरेश गोयल यांना व त्यांच्या कर्मचाऱ्यांना दिलेच पाहिजे. २००५ च्या आरंभी कंपनीने १,१०० रुपये दराने समभाग विकून सुमारे १,९०० कोटी रुपये उभे केले. ताळेबंद भक्कम होता. त्याच सुमारास डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर आणि इंडिगो या नव्या कंपन्या बाजारात उतरत होत्या. हा पैसा कसा वापरायचा, यावर जेटचे पुढचे आयुष्य ठरणार होते.

पहिला मोठा निर्णय एअर सहारा विकत घेण्याचा होता. जानेवारी २००६ मध्ये सौदा जाहीर झाला, जूनमध्ये फिसकटला, आणि एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांना तो पूर्ण झाला. एवढ्या पैशात हाती काय आले, ते पाहण्यासारखे आहे. सहाराची विमाने बव्हंशी भाड्याची होती, म्हणजे विमानांबरोबर भाड्याची बांधिलकीही आली. विमानतळांवरील जागा आणि उड्डाणांच्या वेळा मिळाल्या, त्यांना मोल निश्चितच होते. परंतु त्यांच्याबरोबर तोट्यात चाललेली एक वेगळी कंपनी, तिचे वेगळे वेतनमान आणि जुने वादही आले. तिचे नाव ‘जेटलाइट’ झाले आणि ती वर्षानुवर्षे तोट्यातच राहिली. पुढे २००९ मध्ये ‘जेट कनेक्ट’ ही आणखी एक स्वस्त सेवा काढण्यात आली. जेवण मिळणार की नाही, सामान किती नेता येईल, हे तिकिटावर तीनपैकी कोणते नाव आहे यावर ठरू लागले. पूर्ण सेवेसाठी जास्त पैसे देणारा प्रवासी गोंधळला, आणि स्वस्तात जाऊ पाहणाऱ्याला इंडिगोचे तिकीट अधिक सोपे वाटले. ही नावे पुन्हा एकाच छत्राखाली आणायला २०१४ साल संपत आले.

दुसरा निर्णय लांब पल्ल्याच्या रुंद विमानांचा. बोईंग ७७७-३००ईआर आणि एअरबस ए३३० ही दोन निरनिराळ्या उत्पादकांची विमाने जेटने जवळपास एकाच वेळी मागवली. ताफ्यात बोईंग ७३७ आणि एटीआर ही लहान विमाने आधीच होती. विमानाचा प्रत्येक नवा प्रकार म्हणजे वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण, सुट्या भागांचा वेगळा साठा, वेगळे प्रमाणित अभियंते आणि राखीव कर्मचाऱ्यांची वेगळी फळी. शंभरेक विमानांच्या कंपनीला चार प्रकार सांभाळणे परवडत नाही. त्यातही ७७७ ची आतील मांडणी पाहावी: पहिल्या वर्गात दारे लावता येणाऱ्या ८ खोल्या, बिझनेस वर्गात ३० आसने, आणि सर्व मिळून ३१२ प्रवासी. एअर इंडियाच्या त्याच विमानात ३४२ आसने होती. त्या खोल्यांची छायाचित्रे जगभर छापून आली आणि कौतुकही झाले. परंतु इंधन, विमानाचे भाडे आणि उतरण्याचे शुल्क तेवढेच असताना तीस आसने कमी असली, तर उरलेल्या प्रत्येक आसनाने जास्त कमाई करावी लागते. मुंबईहून शांघायमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सेवा जून २००८ मध्ये सुरू झाली आणि २००९ च्या सुरुवातीलाच बंद करावी लागली. नवी कोरी ७७७ विमाने मग तुर्की आणि आखाती कंपन्यांना भाड्याने देण्यात आली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. नोव्हेंबर २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीने २४ टक्के हिस्सा सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेतला. त्याच व्यवहाराच्या आगेमागे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील उड्डाणवेळांच्या तीन जोड्या सात कोटी डॉलरना एतिहादला विकून त्याच भाड्याने वापरायला घेतल्या गेल्या, आणि नियमित प्रवाशांच्या योजनेतील निम्म्याहून अधिक हिस्साही एतिहादकडे गेला. जगभरात अनेक विमान कंपन्यांना अशा योजनांतून स्थिर उत्पन्न मिळते. म्हणजे पैसा आला तो उत्पन्न देणारी मालमत्ता देऊन आला, आणि गेला तो बहुतांशी जुने तोटे बुजवण्यात. प्रवर्तक गोयल यांच्याकडे ५१ टक्के राहिले आणि निर्णयाची पद्धत पूर्वीसारखीच राहिली.

यानंतर नशिबाने साथ दिली होती, हे विसरून चालणार नाही. २०१४ च्या मध्यापासून कच्चे तेल उतरू लागले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते पिंपाला ३० डॉलरच्याही खाली गेले. २०१५-१६ आणि २०१६-१७ या दोन्ही वर्षांत जेटने नफा दाखवला. कर्ज फेडण्यासाठी, विमानांचे प्रकार कमी करण्यासाठी, प्रवर्तकांचा हिस्सा पातळ करून नवे भांडवल आणण्यासाठी ही दोन वर्षे मिळाली होती. त्याऐवजी २०१५ ते २०१८ या काळात तीन टप्प्यांत मिळून २२५ बोईंग ७३७ मॅक्स विमानांची मागणी नोंदवण्यात आली. त्यांतील शेवटची ७५ विमाने २०१८ च्या मध्यावर मागवली, म्हणजे कंपनी २०१७-१८ मध्ये सुमारे ७६७ कोटींच्या तोट्यात गेल्यानंतर.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तेल ८० डॉलरच्या वर आणि डॉलर ७४ रुपयांवर पोहोचला, तेव्हा हाती काहीच शिल्लक नव्हते. ३१ डिसेंबर २०१८ रोजी बँकांचा हप्ता चुकला. २५ मार्च २०१९ रोजी गोयल संचालक मंडळावरून पायउतार झाले. एप्रिलमध्ये एका मालवाहतूक कंपनीने थकबाकीपोटी ॲमस्टरडॅमला एक ७७७ अडकवून ठेवले. अखेर किमान ४०० कोटींची तातडीची मागणीही बँकांनी नाकारली आणि १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान शेवटचे ठरले.

या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास असणाऱ्यांनी लिहावे. मतभेद असल्यास ते जरूर मांडावेत.

अंधेरीकर

लेख आवडला. २००८ च्या ऑक्टोबरमधील एक प्रसंग यात यायला हवा होता, कारण त्यातून व्यवस्थापनाची पद्धत दिसते. त्या महिन्यात जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरवले. त्यात बहुतेक नुकतीच भरती झालेली तरुण मुले-मुली होती. ती गणवेशातच मुंबईत रस्त्यावर उतरली आणि राज ठाकरे यांना भेटली. जेटची विमाने महाराष्ट्रातून उडू देणार नाही, असा इशारा ठाकरे यांनी दिला, आणि दोन दिवसांत सर्वांना परत घेतल्याची घोषणा गोयल यांनी स्वतः केली.

कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या वाचल्या याचा मला तेव्हाही आनंद झाला होता आणि आजही आहे. पण भरती करताना पुढच्या वर्षाचा अंदाज घेतला होता का, हा प्रश्न त्या गोंधळात कोणी विचारला नाही. विमाने येणार म्हणून माणसे घेतली, मार्ग बंद पडले म्हणून माणसे काढली, दबाव आला म्हणून परत घेतली. या तिन्ही निर्णयांमध्ये काही महिन्यांचेच अंतर होते. वेतनाचा बोजा तसाच राहिला आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागवायचा, हे ठरलेच नाही.

काटेकोर

धागालेखकांचा अभ्यास मान्य करूनही मला काही बाबतींत वेगळे वाटते. भारतात विमान इंधन हा एकूण खर्चाच्या ३५ ते ४० टक्के भाग असतो, आणि त्यावर राज्ये विक्रीकर लावतात. जेटचे मुख्य केंद्र मुंबई होते आणि महाराष्ट्राचा या इंधनावरील कर तेव्हा २५ टक्के होता. तो १८ टक्क्यांवर आला २०२३ मध्ये, म्हणजे जेट बंद पडल्यानंतर चार वर्षांनी. हे इंधन वस्तू व सेवा करातही घेतलेले नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. शिवाय परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांची सेवा आणि वीस विमाने हवीत, या तेव्हाच्या अटीमुळे कंपन्यांनी घाईने दुसऱ्या कंपन्या विकत घेतल्या, त्याचा दोष धोरणाकडेही जातो.

गो फर्स्टचे उदाहरणही पाहा. वाडिया समूहाची ही मुंबईचीच कंपनी. ताफा एकाच प्रकारचा, उधळपट्टीची ख्याती नाही. तरीही प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे निम्मी विमाने उभी राहिली असे सांगत तिने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक बुडालेल्या कंपनीत व्यवस्थापनच दोषी असते, असे म्हणता येणार नाही.

हिशेबनीस

@काटेकोर, गो फर्स्टबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. इंजिनांचा दोष व्यवस्थापनाच्या हातातला नव्हता, आणि म्हणूनच मी हा धागा जेटपुरता ठेवला. परंतु तीच इंजिने इंडिगोकडेही होती, हेही नमूद करायला हवे. तिने पुढील विमानांसाठी दुसऱ्या उत्पादकाची इंजिने निवडली आणि रोकड हाताशी असल्यामुळे उभ्या विमानांचा भार ती सोसू शकली.

कराचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि त्यासाठी सरकारांना जाब विचारलाच पाहिजे. मात्र जो खर्च आपल्या हातात नाही आणि जो सतत हेलकावे खातो, तो ज्या धंद्यात एकतृतीयांशाहून मोठा आहे, तिथे हातातले खर्च अधिक काटेकोरपणे सांभाळावे लागतात. इंडिगोने २००५ मध्ये एकाच प्रकारच्या शंभर विमानांची मागणी नोंदवून किमतीत सवलत मिळवली. विमान ताब्यात येताच ते विकून भाड्याने घ्यायचे, आणि सहा-एक वर्षांनी मोठी देखभाल येण्याआधी परत करायचे, असा तिचा क्रम होता. एटीआर तिने २०१७ पर्यंत घेतले नाही. जेटही विकून भाड्याने घेण्याचा व्यवहार करत असे, पण बऱ्याचदा गरजेपोटी, रोकड उभी करण्यासाठी. त्या दिवशी पैसा मिळतो, पुढील अनेक वर्षे मासिक भाडे वाढते.

वेळवंडी

मी काही वर्षे एका विमान कंपनीच्या लेखा विभागात काम केले आहे. कंपनीचे नाव सांगणे उचित होणार नाही, परंतु अशा कंपनीत पैसे आटू लागले की ते आतून कसे दिसते, ते सांगते.

तिकिटाचे पैसे आधी येतात आणि उड्डाण नंतर होते. त्यामुळे खात्यात पैसा दिसत असतो, पण तो प्रवाशांचा असतो. अडचणीतील कंपनी पुढच्या महिन्यांची तिकिटे सवलतीत विकून या महिन्याचे इंधन भरते. तो पुढचा महिना उजाडतो तेव्हा विमाने भरलेली उडतात, पण त्यांचे उत्पन्न आधीच संपलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला गर्दी दिसते आणि सारे ठीक आहे असे वाटते.

नंतर कोणाचे देणे आधी द्यायचे, याची यादी रोज सकाळी ठरू लागते. तेल कंपन्या उधारी बंद करून रोख मागतात, म्हणून त्यांना पहिले. नंतर विमानतळाचे शुल्क. विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्या नोटिशीनंतर थेट विमानाची नोंदणी रद्द करून घेऊ शकतात, म्हणून त्यांचाही क्रम वर. सुट्या भागांचे पुरवठादार मागे राहतात, मग एका उभ्या विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवले जातात. आणि सर्वांत शेवटी कर्मचारी, कारण ते व्याज मागत नाहीत आणि उद्याही कामावर येतात. पगार उशिरा होऊ लागले की कंपनीने आपल्याच माणसांकडून बिनव्याजी कर्ज घेतलेले असते. ज्यांनी गृहकर्जाचे हप्ते चुकवून गणवेश इस्त्री करून कामावर येणे सोडले नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी कोणत्याही वार्षिक अहवालात एक ओळही येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पैठणकर

@वेळवंडी, आपला प्रतिसाद वाचून बरेच समजले, आभार.

माझा प्रश्न बँकांविषयी आहे. हे सारे ताळेबंदात दिसत असताना कर्ज मिळत कसे राहिले? किंगफिशरचा अनुभव जेटच्या आधीचा होता.

रुईकाठी

@पैठणकर, किंगफिशरबाबत मी थोडे वाचले आहे. मे २००५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने एकाही वर्षी नफा कमावला नाही, तरीही तिने ए३८० सारख्या महाकाय विमानांची मागणी नोंदवली. २००७ मध्ये एअर डेक्कनचा हिस्सा घेतला. त्यामागे परदेशी उड्डाणांसाठीची पाच वर्षांची अट लवकर पूर्ण करण्याचा हेतू होता, असे तेव्हापासून सांगितले जाते. डेक्कनचा प्रवासी सर्वांत स्वस्त तिकीट पाहणारा, किंगफिशरचा प्रवासी आदरातिथ्यासाठी पैसे मोजणारा. दोन्ही एका कंपनीत आणून दोन्ही गमावले.

बँकांनी २०१० मध्ये कर्जाची पुनर्रचना केली आणि पुढच्या वर्षी काही कर्जाचे समभागांत रूपांतर केले, तेही बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने. तारण म्हणून ‘किंगफिशर’ हे नावच हजारो कोटींचे मानले गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला. २०१६ मध्ये त्या नावांचा आणि बोधचिन्हांचा लिलाव सुमारे ३६७ कोटींच्या राखीव किमतीने पुकारला, तेव्हा एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याच्या किंगफिशर हाउसची राखीव किंमत आधी १५० कोटी होती. वारंवार लिलाव फसल्यावर २०२१ मध्ये ते सुमारे ५२ कोटींना गेले. गोव्यात कांदोळीचा बंगला ७३ कोटींच्या आसपास विकला गेला. विमान कंपनीच्या कर्जासाठी विमाने तारण नव्हती, कारण बहुतेक विमाने तिची नव्हतीच. हे बँकेतील प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असणार. तरी कर्ज दिले गेले, कारण नाव मोठे होते आणि कंपनी बंद पडली तर जुने कर्ज बुडीत दाखवावे लागले असते.

अंधेरीकर

सरकारी कंपनीचीही गोष्ट वेगळी नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. एअर इंडियाचा मूळचा २८ विमानांचा प्रस्ताव पुढे ६८ पर्यंत वाढला, इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस मागवली, आणि अशा १११ विमानांच्या खरेदीचा भार प्रामुख्याने कर्जावर टाकण्यात आला. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्यातील आठ ७७७-२००एलआर विमानांपैकी पाच काही वर्षांतच एतिहादला विकावी लागली. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण कागदावर झाले, पण वैमानिकांची ज्येष्ठता आणि वेतनमान यांचे वाद मिटायला पुढे न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी १८,००० कोटींच्या बोलीने कंपनी घेतली, त्यात रोख रक्कम २,७०० कोटी होती. ४६,००० कोटींहून अधिक कर्ज सरकारने वेगळ्या कंपनीत ठेवून घेतले. ते तुम्ही-आम्ही भरतो आहोत. नरिमन पॉइंटची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटींना घेतली, तो पैसाही याच खड्ड्यात गेला.

पैठणकर

शेवटचा प्रश्न विचारतो. जेटच्या कर्मचाऱ्यांना अखेर काय मिळाले? माझ्या नात्यातील एक मुलगी तिथे होती, ती आता या क्षेत्रात नाही.

हिशेबनीस

@पैठणकर, विमान कंपनी उडायची थांबली की तिचे मोल काही आठवड्यांत नाहीसे होते. जेटची विमाने मालक कंपन्यांनी नेली. मुंबई आणि दिल्लीच्या उड्डाणवेळा स्पाइसजेट आदी कंपन्यांना तात्पुरत्या म्हणून देण्यात आल्या. जून २०१९ मध्ये प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात गेले, तेव्हा विकण्यासारखे थोडेच उरले होते. जालान-कालरॉक या खरेदीदार गटाचा पुनरुज्जीवनाचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) ही रक्कम कर्मचाऱ्यांना पूर्ण द्यावी, असा निकाल अपिली न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. परंतु खरेदीदारांनी ठरलेले पैसे वेळेत भरले नाहीत आणि २०२४ चा अवसायनाचा आदेश आला.

अवसायनात आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. त्यानंतर तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची शेवटच्या चोवीस महिन्यांची थकबाकी एका पायरीवर येतात, व इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची थकबाकी त्याखालच्या पायरीवर. कायद्याच्या व्याख्येत केबिन कर्मचारी आणि वैमानिक कामगार ठरतात की नाहीत, हा वाद त्यामुळेच महत्त्वाचा होतो. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाचा निधी मात्र कंपनीच्या मालमत्तेत धरला जात नाही. आपल्या नात्यातील मुलीने अवसायकाकडे दावा नोंदवला आहे का, आणि त्यात या दोन रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत का, हे तिला आवर्जून विचारा.